भाजीतलं तेल मोजायचं कुठे: कढईत, ताटात की ओट्यावरच्या भांड्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला पाच जणांचं घर. सकाळी पोळी-भाजीला मावशी येतात, संध्याकाळचं सासूबाई बघतात. दोन महिने तुम्ही खाल्लेलं सगळं ॲपमध्ये लिहिताय, दिवसाची बेरीज १४०० कॅलरीच्या आसपास येते आणि वजनाचा काटा जागचा हलत नाही. तुमची शंका तेलावर आहे. भाजीत टाकलेलं सगळंच तेल धरायचं का, कढईला राहतं ते वजा करायचं का, आणि पाच ताटांत गेलेल्या भाजीतला आपला वाटा कसा काढायचा, हे तुम्ही विचारलंय.

मी नौपाड्यात एकवीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमची शंका रास्त आहे. तेल घरच्या जेवणातला सर्वांत मोठा न दिसणारा आकडा असतो. पण तुमच्या घरात तेल ओतणारा हात तुमचा नाही, आणि खरी अडचण तिथे आहे. मावशींनी सकाळी फोडणीला किती घातलं हे तुम्हाला दुपारी डबा उघडल्यावर कळणार नाही, कितीही निरखून पाहिलंत तरी. त्यामुळे ताटात बघून तेलाचा अंदाज बांधायचा नाद आधी सोडा. मी स्वतः भाजीकडे बघून तेल सांगू शकत नाही, इतक्या वर्षांनंतरही नाही.

आधी आकडे. एक ग्रॅम तेलाला ९ कॅलरी. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, सोयाबीनचं, मोहरीचं, ऑलिव्हचं, लाकडी घाण्याचं, रिफाइंड, कोणतंही घ्या, कॅलरी तेवढ्याच. आपल्याकडे आता गल्लोगल्ली घाण्याच्या तेलाची दुकानं झाली आहेत आणि 'घाण्याचं आहे, म्हणून थोडं जास्त चालतं' हे मी रोज ऐकते. चवीसाठी, वासासाठी जरूर घ्या, कॅलरीत सूट मिळत नाही. तूपही जवळपास तसंच, कारण त्यात पाणी राहिलेलंच नसतं. लोण्यात थोडं पाणी असतं, म्हणून ते ग्रॅममागे किंचित हलकं.

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, पाकिटावर छापलेलं असतं बघा. मापाचा लहान चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, साडेचार ग्रॅम, चाळीस कॅलरी. मापाचा मोठा चमचा, १५ मिलिलिटर, सव्वाशेच्या जवळ. हे झाले मापाचे चमचे. आपल्या घरातला चमचा, पोह्यांचा चमचा, डाव, पळी यांना असं काही ठरलेलं माप नाही. एका बाईंनी 'भाजीला एकच पळी' असं सांगितलं म्हणून मी त्यांना ती पळी घेऊन यायला सांगितलं. तिच्यात काठोकाठ तेल भरून काट्यावर ठेवलं, तर ३४ ग्रॅम भरलं. तीनशे कॅलरी. त्या ॲपमध्ये 'एक चमचा' लिहीत होत्या. त्यांची लबाडी नव्हती, त्यांच्या घरात त्याला चमचाच म्हणतात.

आता तेलाचा आकडा एवढा महत्त्वाचा का? अर्धा किलो भेंडी घ्या. सगळ्या भेंडीच्या मिळून कॅलरी होतात दीडशेच्या आसपास. तिच्यात ४५ ग्रॅम तेल पडलं, आणि भेंडी कुरकुरीत हवी असेल तर सहज पडतं, तर ते चारशे पाच. म्हणजे त्या भाजीतल्या कॅलरीत भेंडीचा वाटा जेमतेम पाव, बाकी सगळं तेल. ॲपमध्ये 'भेंडीची भाजी, एक वाटी' शोधलंत तर कुठे ७० दिसेल, कुठे १८०. तो फरक भेंडीचा नसतो. ज्याने ती नोंद भरली त्याच्या कढईतल्या तेलाचा असतो, आणि ती कढई तुमची नाही.

म्हणून तुमच्यासारख्या घरांना मी सांगते की तेल भाजीत मोजू नका, ओट्यावरच्या भांड्यात मोजा.

शंभर-दोनशे ग्रॅमपर्यंतच नव्हे तर चार-पाच किलोपर्यंत वजन घेणारा साधा स्वयंपाकघरातला काटा आणा. रविवारी सकाळी, मावशी यायच्या आधी, तेलाचं भांडं तेलासकट काट्यावर ठेवा आणि आकडा लिहा. आठवडाभर घरात कुणालाही काही सांगू नका, जसं चाललंय तसं चालू द्या. मध्ये नवीन पाकीट ओतलं तर त्याचं वजन टिपून पहिल्या आकड्यात मिळवा. पुढच्या रविवारी पुन्हा तोलून पहिल्या आकड्यातून वजा करा. तळणीचं उरलेलं तेल टाकून दिलं असेल तर तेही वजा. देवापुढच्या दिव्याला त्याच भांड्यातून तेल जात असेल तर तेही. तुपाच्या बरणीचं तसंच वेगळं वजन करा.

समजा पहिल्या रविवारी २४६० ग्रॅम भरलं, दुसऱ्या रविवारी १३९०. गेलं १०७०. मध्ये एकदा भजी झाली आणि ९० ग्रॅम तेल टाकून दिलं. उरले ९८०, म्हणजे घराला रोजचे १४० ग्रॅम. याला सरळ पाचाने भागू नका, नऊ वर्षांचा मुलगा आणि डबा नेणारा माणूस सारखं जेवत नाहीत. मी पोळ्यांवरून वाटा काढते. दिवसाला तुमचे मिस्टर आठ पोळ्या खातात, सासरे पाच, सासूबाई तीन, तुम्ही चार, मुलगा दोन, अशा बावीस धरल्या, तर तुमचा वाटा बावीसातला चार. १४० ग्रॅममधले सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे २३० कॅलरी.

यात गृहीत असं आहे की जो पोळ्या जास्त खातो तो भाजीही त्या मानाने जास्त घेतो. बहुतेक घरांत हे जमतं. तुम्ही वजनासाठी पोळ्या कमी करून भाजी दुप्पट घेत असाल तर मात्र हा वाटा कमी पडेल, मग बावीसातले सहा धरा. पाहुणे राहून गेले असतील, दोन दिवस बाहेर जेवलात, सणाचा आठवडा होता, तर तो आठवडा सोडून पुढचा घ्या. दोन साधे आठवडे सलग मोजले की आकडा बऱ्यापैकी स्थिर येतो.

आणि हा आकडा मिळाला की ॲपमध्ये प्रत्येक पदार्थात तेल शोधत बसायचं कामच उरत नाही. भाजी लिहिताना नुसती भाजी लिहा, उकडलेली असल्यासारखी. पोळी लिहिताना कणकेचं वजन लिहा. आणि दिवसाच्या शेवटी 'तेल, २५ ग्रॅम' अशी एकच नोंद करा. एकाच दिवसाचं बघितलं तर ती चुकीची असेल, आज वरण-भात झाला, उद्या भरली वांगी. पण वजन एका दिवसावर ठरत नाही, महिन्याच्या सरासरीवर ठरतं, आणि तिथे ही नोंद कुठल्याही ॲपमधल्या वाटीपेक्षा खरी आहे.

तुम्ही लिहिलंय की सध्या तुम्ही दिवसाला 'दोन चमचे तेल' धरता, म्हणजे ८० कॅलरी. वरच्या उदाहरणासारखा तुमचा आकडा २३० निघाला तर रोज दीडशेची तूट हिशोबात आहे. महिन्याला साडेचार हजार. एक किलो चरबीमागे ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे महिन्याला अर्धा किलोपेक्षा थोडं जास्त वजन, जे तुम्हाला कागदावर उतरताना दिसतं आणि काट्यावर नाही. शरीर इतकं सरळ गणित पाळत नाही, पण तुमच्या कोड्याचा एक मोठा तुकडा इथे असू शकतो.

आता पोळीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण भाजीतल्या तेलाची शंका सगळ्यांना येते, पोळीतल्या तेलाची कुणाला येत नाही. पाचपाखाडीतल्या एका घरी मी एकदा सकाळी सात वाजता मुद्दाम जाऊन बसले होते. मावशी पोळ्या करत होत्या. पोळपाटाशेजारी तेलाची छोटी वाटी. मावशी लाटी थोडी लाटायच्या, दोन बोटं वाटीत बुडवून पोळीवर फिरवायच्या, वर चिमूटभर पीठ, घडी, परत तेलाचं बोट, परत घडी, मग लाटणं. बोटांना लागलेलं तेल म्हणजे किती असणार, असं बघणाऱ्याला वाटतं. वाटी मी आधी तोलून ठेवली होती, १४८ ग्रॅम. वीस पोळ्या झाल्यावर ८४ भरली. पोळीमागे तीन ग्रॅमच्या वर तेल, एकोणतीस कॅलरी. मळताना घातलेलं मोहन वेगळं, वरून लावलेलं तूप वेगळं. त्या घरातल्या ताई दिवसाला पाच पोळ्या खायच्या आणि ॲपमध्ये 'फुलका' लिहायच्या. तेलाचेच दीडशेच्या जवळ रोज सुटत होते, भाजीला हात न लावता.

पोळी हवी तर घडीचीच खा, नुसता फुलका दुपारी डब्यात वातड होतो हे मलाही माहीत आहे. फक्त हिशोबात तिला घडीची पोळी म्हणा. वर सांगितलेल्या आठवड्याच्या वजनात हे तेल आपोआप येतंच, ते त्या पद्धतीचं मोठं सुख आहे.

कढईला राहिलेल्या तेलाचं विचारलंत. सुक्या भाजीत कढईला राहतं ते दोन-चार ग्रॅम, पाच माणसांत वाटलं तर ग्रॅमसुद्धा नाही. सोडून द्या, त्याची सूट घेऊ नका. रश्शाची गोष्ट वेगळी. तिथे तेल वर तवंग धरतं आणि पहिला डाव ज्याच्या वाटीत पडतो त्याला जास्त जातं. मिसळ खाताना हे सगळ्यांना कळतं, ठाण्यातल्या मामलेदार मिसळीच्या हॉटेलात बसून कट आणि तर्री कोण मागून घेतं ते बघा. घरच्या आमटीत, चिकनच्या रश्शात तेच होतं, फक्त लक्षात येत नाही. वाढण्याआधी डाव तळापासून फिरवा म्हणजे सगळ्यांना सारखं जाईल. किंवा तुमचं वजन उतरवायचं ठरलंच आहे तर तुमची वाटी शेवटी भरा.

तळणीला एकच विश्वासाची पद्धत आहे. कढईत ओतायच्या आधी तेल तोला, तळण झाल्यावर पूर्ण गार होऊ द्या, मग उरलेलं तोला. गरम तेल काट्याजवळ नेऊ नका. फरक गेला पदार्थात, थोडंसं हवेत आणि ओट्यावर. माझ्या घरी तीस पुऱ्यांना दीडशे ग्रॅम गेलं, पुरीमागे पंचेचाळीस कॅलरी तेलाच्या. तुमच्याकडे वेगळं येईल, कारण पुरीचा आकार, पिठाचा घट्टपणा, तेलाचा ताव सगळं यात येतं. तळताना पदार्थातलं पाणी वाफ होऊन बाहेर येत असतं, तोवर तेलाला आत शिरायला फारशी जागा नसते. बाहेर काढल्यावर, पदार्थ निवताना, आतली वाफ आक्रसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर कढईच्या काठाशी धरून, गरम असतानाच चांगलं निथळायचं. थाळीत एकावर एक रचून ठेवलेली भजी तेलकट लागतात ती त्यामुळे. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर पदार्थ जास्त वेळ कढईत राहतो आणि जास्त पितो.

एखादी भाजी तुम्ही स्वतः करता तेव्हा मात्र पदार्थापुरता हिशोब जरूर करा. तेलाचं भांडं काट्यावर ठेवा, शून्याचं बटण दाबा, फोडणीपुरतं ओतून भांडं परत ठेवा. काटा उणे दाखवेल, तेवढं तेल गेलं. चमचा नको, वाटी नको. भाजी झाल्यावर कढईसकट तोला आणि रिकाम्या कढईचं वजन वजा करा. घरातल्या चार कढया-पातेल्यांची रिकामी वजनं एकदाच काढून फ्रिजवर चिकटवून ठेवा. वरची भेंडी शिजून ३८० ग्रॅम झाली असेल आणि तुम्ही १०० ग्रॅम घेतलीत, तर तेल सुमारे बारा ग्रॅम आणि एकूण कॅलरी दीडशेच्या आत. दोन-तीन भाज्या अशा केल्यात की नजर तयार होते, पुढे काटा कमी लागतो.

मोजून झाल्यावर कमी करायचं का आणि किती, हा पुढचा भाग. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला २००० कॅलरींच्या आहारात तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम धरलं आहे. तुमचा आहार त्याहून लहान आहे, तेव्हा तुमच्यासाठी मी २० च्या आसपास बघेन. फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी तेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं, तेव्हा बरेच जण माझ्याकडे उत्साहाने आले. दहा टक्के कशाचे, असं विचारलं की कुणाकडेच उत्तर नव्हतं. रविवारचं वजन घेतलं की ते उत्तर तुमच्याकडे असेल.

शून्यावर मात्र जाऊ नका. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला जेवणात थोडी चरबी लागते. फार कमी चरबीच्या आहारावर वजन झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आणि कोरडी भाजी चार दिवस खाऊन पाचव्या दिवशी माणूस वडापावच्या गाडीवर उभा राहतो, हे मी खूप पाहिलं आहे.

कमी करताना मावशींवर आणि सासूबाईंवर पहारा ठेवल्यासारखं होऊ देऊ नका. 'मावशी, तेल कमी घाला' हे वाक्य मी घराघरांत फुकट जाताना पाहिलंय. चार दिवस कमी पडतं, पाचव्या दिवशी हात सवयीवर येतो, आणि मावशींना वाटतं आपल्या हाताला नावं ठेवली. त्यापेक्षा सकाळी एका वाटीत दिवसाचं तेल काढून ओट्यावर ठेवा. सध्याच्या आकड्यापेक्षा थोडंसंच कमी, १४० असेल तर १२५. आणि सांगा, 'मावशी, यातलं वापरा, लागलं तर अजून घ्या, मला फक्त कळू दे.' अजून घ्यायची मुभा खरी असू द्या. महिन्याभराने मावशीच सांगतात, 'ताई, आज वाटीत उरलं.' सासूबाईंशी बोलताना वजनाचा विषय काढूच नका. सासऱ्यांच्या वयाचं, तब्येतीचं निमित्त खरं असेल तर ते सांगा, नाहीतर सरळ म्हणा की आई, मला मदत हवी आहे. स्वयंपाक त्यांचा आहे, तो त्यांचाच राहू दे.

चव न घालवता तेल कुठे सुटतं, ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. मोहरी तडतडायला तेल तापलेलं लागतं, भरपूर लागत नाही. पसरट कढईत एक चमचा तेल पांगतं आणि हात आपोआप दुसऱ्याकडे जातो, लहान कढल्यात तेवढ्याच तेलात फोडणी छान होते, ती वरून घाला. फ्लॉवर, दुधी, पडवळ यांना झाकणावर पाणी ठेवून वाफ काढायची आपली जुनी पद्धत तेलाची अर्धी गरज भागवते. वांगं तेल पितं, स्पंजासारखं असतं ते. आधी थोडं वाफवून घेतलं तर पोकळ्या बसतात आणि पिणं कमी होतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या ॲपच्या नोंदी वाचताना मला खटकली. 'गवारीची भाजी', 'काकडीची कोशिंबीर', 'साबुदाण्याची खिचडी' असं लिहिलंय, आणि कुठेही दाण्याचं कूट नाही, खोबरं नाही, तीळ नाहीत. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मी चरबी असते, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. सुकं खोबरं त्याहून पुढे. चमचाभर कूट म्हणजे पन्नासेक कॅलरी, आणि आपण कूट चमचाभर घालत नाही, मुठीने घालतो. तेलाच्या भांड्यात हे येणार नाही. कुटाचा डबा आणि खोबरंही त्याच रविवारी तोला. एवढं करूनही दोन महिन्यांनी काटा तिथेच असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. आणि इन्सुलिन, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण यातलं काही असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच बदलू नका. मोजताना जेवणाची भीती वाटायला लागली, घरच्यांबरोबर ताटावर बसणं नको वाटलं, तर त्याच दिवशी काटा कपाटात ठेवा आणि मला किंवा दुसऱ्या कुणा जाणत्या माणसाला सांगा.

दोन आठवड्यांचे आकडे आले की कळवा: तेल किती गेलं, तूप किती, कूट आणि खोबरं किती, कोण किती पोळ्या खातं, आणि त्या पंधरा दिवसांत तळण कितीदा झालं. तुमचा वाटा मी काढून देते.